भुंगा बसू द्यायचा नाही

१० जून

ही डायरी मिरचीच्या बियाणेवाल्या कंपनीनं फुकट दिली. तिच्यात फवारणी लिहायची असते, कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं ते. मी माझ्या मनातलं लिहिणार. तेही फवारणीच समजा.

साखरखेर्ड्यात हिरव्या जाळीचं शेडनेट आता घरोघरी झालं. आमच्या जाळीत मिरचीचं बी तयार होते. नराच्या फुलाची पूड घ्यायची अन् मादीच्या फुलाले लावायची, याले आम्ही क्रॉसिंग म्हणतो. त्यासाठी बोटात एक अंगठी घालतात. खड्याच्या जागी तिच्यावर बारकी वाटी असते, त्या वाटीत पूड. कळी चिमट्यानं उघडायची, पूड टेकवायची, लागलं लग्न. मालक गेले तवापासून मी हेच करून जगली अन् छायाले वाढवलं. छाया माझी एकुलती एक पोट्टी. तिच्यासारखा हात या पट्ट्यात कोणाचा नाही. तिनं टेकवलेलं फूल वाया गेलं असं मी पाह्यलं नाही.

यंदा अर्ध्या जाळीत मिरची अन् अर्ध्या जाळीत ऑर्किड. रोपं गेल्या साली आणली, यंदा फुलतीन. लोक पाहायले येतात अन् हसतात. कुंडीत माती नाही, नारळाची सालटं अन् कोळसा, अन् मुळ्या हवेत लोंबून राह्यल्या. जंगलात म्हणे हे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसते, पण त्या झाडाचं काही खात नाही. शेजारचं पोट्टं म्हणे, "काकू, तुम्ही तं बांडगूळ पाळलं!" मी म्हणलं, "बांडगूळ तू आहे बे, बापाच्या जिवावर बसलेला. हे हवा खाऊन राहते." 

१९ जून

किसनदादा पिंपळगाव राजाहून पाहुणे घेऊन आला. दादा माझा मोठा भाऊ, त्याले नाही म्हणता येत नाही. मुलगा इंद्रभान, वडनेर भोलजीचा. तिथं त्याचं कृषी केंद्र आहे. वयानं छायाच्या जोडीचा, बोलणं सबुरीचं, तंबाखूसुद्धा नाही. खोट काढायले जागा सापडली नाही. शोधली नाही असं नाही.

छायानं पोहे केले. मंग तो ऑर्किड पाहायले जाळीत गेला तं लवकर बाहेरच येईना. छाया सांगत होती अन् तो ऐकत होता. बाईचं ऐकणारा माणूस मी आमच्या खानदानात तरी पाह्यला नाही.

जाताना दादानं विचारलं, "मंग, काय सांगू त्याईले?"

"पोरगा चांगला आहे दादा. पण एवढा सीझन निघू दे."

दादा म्हणे, "सत्यभामे, मेहकरवाल्याच्या वक्ताले सीझनच होता. लोणारवाल्याच्या वक्तालेही सीझनच होता."

होताच! खोटं बोलली का मी? पाहुणे नेमके क्रॉसिंगच्या तोंडावर येतात, त्याले मी काय करू? लग्न पुढं ढकलता येते. फूल ढकलता येत नाही. अन् तिच्याबिगर जाळी कोण पाहीन, हे दादा सांगत नाही. सांगणाऱ्याचं काय जाते.

८ जुलै

छाया ऑर्किडची रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्याच्या ट्रेनिंगले जाऊन आली. खुशीत होती. म्हणे, ऑर्किड एकदा फुललं का दीड-दोन महिने जसंच्या तसं राहते. माय वो! फूल आहे का प्लॅस्टिक? म्हणे पथ्य एकच, त्याच्यावर भुंगा बसू द्यायचा नाही. भुंगा बसला का फूल गेलं.

मी त्याच दिवशी जाळी दुहेरी करून घेतली. दाराले जाड पडदा शिवून लावला. आता भुंगा काय, भुंग्याचा बाप आत येत नाही.

छाया आणखी काही सांगत होती, बी-बाटली असं काहीतरी. पण तेवढ्यात मोटर बंद पडली.

२६ जुलै

काही नाही. पाणी. हात दुखते.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. पुरणपोळी छायानं केली, मले कामच करू दिलं नाही. आजकाल फार गुणाची वागते. मोबाईल तेवढा सुटत नाही, कानाले नाहीतर डोळ्याले. विचारलं तं म्हणे ऑर्किडचे व्हिडिओ पाहून राह्यली. पाहताना एकटीच हसत होती. त्यात हसण्यासारखं काय असते देव जाणे. पण अभ्यासू आहे पोट्टी, बापावर गेली.

२९ सप्टेंबर

फुललं! फुललं व माय!

फुलांची पहिली काडी आज उघडली. जांभळा रंग, मधोमध पांढरा, अन् कसं ताठ! मी मिरचीची लाखानं फुलं पाह्यली असतीन, पण त्याईच्याकडे फूल म्हणून कधी पाह्यलंच नाही. हे पाह्यलं अन् मले रडू आलं. कोणासाठी आलं ते नाही सांगता येत. मालक पाह्यजे होते.

अमीना आमच्याकडे वीस-एक सालापासून कामाले आहे, बायाइची टोळी तीच सांभाळते. ती म्हणे, "बाई, एवढं खूबसूरत अन् वास काहीच नाही?" मी म्हणलं, "वासानं भुंगे येतात. नाही तेच बरं."

७ ऑक्टोबर

दादा आला होता. एकटाच. इंद्रभानची आई म्हणे दसऱ्यापर्यंत हो का नाही ते सांगा. तिची तब्येत बरी नसते, तिले घरात सून पाहायची आहे.

दसऱ्यापर्यंत! आमची मिरची का दसरा पाहून फुलते? अर्धी क्रॉसिंग राह्यली, इकडे काड्यावर काड्या निघून राह्यल्या. मी म्हणलं, "घाई असन तं त्याईनं आपली वाट धरावी." दादा उठून गेला. चहाही घेतला नाही.

जेवताना छाया बोलली. ती सहसा बोलत नाही. "आई, नुसतं फोन करून हो म्हण. लग्न उन्हाळ्यात करू. तवर सगळा सीझन मी काढून देते."

मी म्हणलं, "हो म्हणलं का दुसऱ्या दिवसापासून साड्या अन् सामान अन् याचं बोलावणं, त्याचं बोलावणं. मन कामात राहत नाही. मले माहीत आहे."

"माहं राहीन."

"नाही राहत. थांब जराशी. जो खरा असन तो थांबते."

तिनं ताटात पाणी ओतलं अन् उठली. भात तसाच होता. वाईट मलेही वाटते, मी का दगड आहे? पण तिचं भलं मी नाही पाहणार तं कोण पाहीन?

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. फोन करीन करीन म्हणत राहूनच गेला. सोनं वाटायले माणसं येत राह्यली. आता दिवाळीत निवांत करीन.

५ नोव्हेंबर

जाळी पूर्ण फुलली. बाया दारातच उभ्या राहून पाहतात, आत पाय टाकत नाही. तलाठ्याची बायको सेल्फी काढून गेली. मालकाचे भाऊ, ज्याईनं "विधवा बाईनं हे धंदे करू नये" म्हणून भाऊबंदांत माझी हेटाळणी केली होती, तेही आज येऊन गेले.   पण चहा कपात नाही, स्टीलच्या जुन्या पेल्यात दिला.

फोन राह्यला. छायाही आठवण देत नाही आता, म्हणजे तिलेही तेवढी घाई नसावी. मोबाईलही कोपऱ्यात पडला राहते. व्हिडिओ पाहून झाले असतीन.

११ नोव्हेंबर

आज मोठी गोष्ट झाली. खामगावचा डेकोरेशनवाला राजकुमार गाडी घेऊन आला. सगळं फिरून पाह्यलं. म्हणे, "काकू, असा माल मी पुण्याहून बर्फात मागवतो, तोही अर्धा मरून येते. सव्वीस तारखेले एक लग्न आहे. सगळ्याच्या सगळ्या कुंड्या द्या. स्टेज, मांडव, कमान, सगळं जिवंत ऑर्किडचं." कुंड्या भाड्यानं न्यायच्या, लग्न झालं का परत आणून द्यायच्या. अन् कमानीजवळ पाटी लावणार, 'ऑर्किड, सत्यभामाबाई, साखरखेर्डा'. मी म्हणलं माह्या पोरीचंही नाव टाका. टाकतो म्हणे.

लग्न वडनेर भोलजीले आहे. नवरदेव कोण, नवरी कोण, मी विचारलं नाही. आपल्याले पाटीशी मतलब. छायानं त्याले विचारलं वाटते काही, मी कुंड्या मोजून राह्यली होती. तो कागद पाहून काहीतरी बोलला. छाया त्याच्यासाठी पाणी आणायले आत गेली ते आलीच नाही. शेवटी मीच नेऊन दिलं. पाहुण्याइसमोर असं वागते कधी कधी. लाजते.

१७ नोव्हेंबर

मले एक युक्ती सुचली अन् मी माह्यावरच खूश झाली.

कुंड्या परत येणारच आहेत. फूल दोन महिने टिकते. मंग तोवर रिकामं काऊन ठेवायचं? क्रॉसिंग करून टाकायची! फूल मांडवात मिरवीन अन् पोटात बी वाढन. पुढच्या साली रोपं विकत आणायचं काम नाही. आम के आम, गुठली के दाम. साऱ्या देशाले मिरचीचं बी आमच्या हातानं जाते, अन् आम्ही याचं बी धरू नाही?

अमीना म्हणे, "बाई, नवीन चीज आहे. दोन-चारवर करून पाहू, बाकी राहू दे."

मी म्हणलं, "दोन-चार कायले? भीत भीत केलं म्हणूनच आपण मजूर राह्यलो."

छाया चिमटा पुसून राह्यली होती. तिनं माह्याकडे पाह्यलं. पाहतच राह्यली. मंग म्हणे, "आई, सगळ्यांवर करायची?"

"सगळ्यांवर. एकही सोडू नको."

"तूच सांगून राह्यली ना?"

"मीच. अजून कोण सांगीन?"

"बरं," म्हणाली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा पोट्टी हसली. मले बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर

याच्यात पूडच नाही! बाया हैराण. अंगठीची वाटी रिकामी ती रिकामीच. मंग छायानं फुलाच्या मधोमध एक बारीक टोपी होती ती चिमट्यानं उचलली, तं खाली मोहरीसारख्या पिवळ्या गोळ्या, चिकट. ती गोळी दुसऱ्या फुलात खाली एक खाच असते तिथं दाबली. काय हात आहे! कोणी शिकवलं नाही, तरी पहिल्या फुलापासून बरोबर. सगळ्या बायाइनं तिचं पाहून केलं. दिवेलागणीपर्यंत जाळी उरकली. शेवटची ओळ छायानं एकटीनं केली, कोणाले हात लावू दिला नाही.

सगळ्याइले भजे खाऊ घातले.

२० नोव्हेंबर

फुलं माना टाकून राह्यली.

२१ नोव्हेंबर

गेलं. सगळं गेलं. पाकळ्या मिटल्या, पाण्यावाणी पातळ झाल्या, रंग उडून गेला. एक फूल नाही राह्यलं. एक! मी ओळीओळीनं फिरली, हातात घेऊन पाह्यलं, ओल्या चिंधीसारखं लागते.

कोणाची नजर लागली? ती सेल्फीवाली? का दीर? का पलीकडच्या वावरात तणनाशक मारलं त्याचा वास आला? का अमीनानं हात न धुता क्रॉसिंग केली? मी तिले सगळ्याइसमोर बोलली. तंबाखूचे हात म्हणाली. ती म्हणे, "बाई, वीस सालात तुमच्या एका फुलाले दाग लागला का माह्या हातानं?" अन् अंगठी काढून कुंडीवर ठेवली अन् चालली गेली. मी थांबवलं नाही. आता लिहून राह्यली तं वाटते थांबवायले पाह्यजे होतं.

छाया तेवढी शांत आहे. वाळलेली फुलं टोपल्यात भरून उकिरड्यावर टाकून आली. मी म्हणलं, "तुले काहीच नाही वाटत?" म्हणे, "वाटते न. काऊन नाही वाटणार?"

२३ नोव्हेंबर

राजकुमार येऊन पाहून गेला. शिव्या नाही दिल्या, दिल्या असत्या तं बरं झालं असतं. गाडीत बसता बसता फोनवर बोलला, "हां, प्लॅस्टिकचीच लाव. जांभळी."

२६ नोव्हेंबर

दादाचा फोन आला. मागं बँड वाजून राह्यला होता. म्हणे, "वडनेरले लग्नात आलो. तुले पत्रिका नव्हती आली का?"

मी म्हणलं, "कोणाचं लग्न?"

"कोणाचं म्हणजे? इंद्रभानचं. मलकापूरची पोरगी आहे. दिवाळीतच जमलं. तुले कोणी सांगतलं नाही?"

 म्हणजे त्या मांडवात आमची फुलं जाणार होती. त्या पाटीवर आमचं नाव, छायाचंसुद्धा. मीच टाकायले लावलं.

छाया नळावर भांडे घासून राह्यली होती. मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"तो खामगाववाला आला तवापासून." अन् कढई घासत राह्यली.

मले एवढंच समजते का देवानंच अब्रू राखली. फुलं जळाली ते बरंच झालं. तिथं गेली असती तं लोकाइनं काय म्हणलं असतं? देव एका हातानं नेते अन् दुसऱ्या हातानं झाकते. अन् तो इंद्रभान! थांबला नाही म्हणजे खरा नव्हताच. सुटली पोट्टी.

१९ जानेवारी

शेंगा धरल्या! फुलं गेली पण पोट धरलं. भेंडीसारख्या हिरव्यागार, एका काडीले चार-चार, पाच-पाच. दिराले मुद्दाम बोलावून दाखवल्या. म्हणलं, फूल दोन दिवसांचं, बी सात पिढ्यांचं.

छाया त्याईले रोज पाणी मारते. मिरचीची राह्यलेली तोडणी तिनंच उरकली, अमीनाचं कामही करते. राग गेला वाटते तिचा. बोलत मात्र नाही. म्हणजे विचारलं तेवढंच बोलते. "जेवली का?" "हो." "मोटर लावली का?" "हो." हो-हो करून माणूस जगते का? पण उलटही बोलत नाही कधी, तिच्यात खोट काढायले जागा नाही.

४ एप्रिल

ऊन. धुक्यावाणी पाणी मारणारे फॉगर दिवसभर. शेंगा जगवल्या, आम्ही शिजलो.

अमीनाकडे गेली होती. ईद झाली, म्हणलं भेटून यावं. शिरखुर्मा दिला तिनं, पण उंबऱ्यातच. कामावर ये म्हणलं तं म्हणे, "पाहू."

९ जून

आज पहिली शेंग उकलली. मी परात घेऊन बसली होती, बी सांडू नाही म्हणून. छायाले हाक मारली, हातातलं काम सोडून ये म्हणलं.

शेंग हातावर फोडली. आत बी नाही. पिठासारखी पिवळी धूळ. फुंकर लागली का उडते. दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्यांत तेच पीठ.

"हे काय वं?"

"बी."

"हे बी? हे पेरायचं कसं?"

"पेरत नाही आई. मातीत उगवत नाही हे. लॅबमध्ये, बाटलीत, औषधात उगवते. मी ट्रेनिंगहून आली त्या दिवशी सांगून राह्यली होती. मोटर बंद पडली."

माह्या डोक्यात तवा काहीतरी हललं. मी म्हणलं, "अन् फुलं? क्रॉसिंगनं फुलं जातात, हेही माहीत होतं तुले?"

"तुलेही माहीत होतं. भुंगा बसू द्यायचा नाही, असं सांगतलं होतं मी."

"भुंग्याचं सांगतलं होतं! हाताचं कुठं सांगतलं?"

छाया माह्यासमोर बसली. किती दिवसांनी बसली असन. चेहरा रागाचा नव्हता. लहानपणी मी तिले अंगठी कशी धरायची ते शिकवत होती, तशी हळू बोलली. "आई, भुंगा फुलावर बसून काय करते वं? आपण जे करतो तेच ना?"

मी जन्मभर हेच केलं अन् हेच मले समजलं नाही. परात तशीच ठेवून मी उठली. वाऱ्यानं सगळं पीठ ओट्यावर झालं.

मी तिले विचारू शकली असती, का तू बोलली काऊन नाही. नाही विचारलं. ती काय म्हणाली असती ते माहीत होतं. तूच म्हणलं, एकही सोडू नको.

११ जून

दादाले मीच फोन केला. म्हणलं, कुठंही पाहा. बिजवर असला तरी चालीन. हुंडा मागतला तरी देईन, मुहूर्तही मागत नाही.  दादा म्हणे, "पाहतो."

मिरचीची रोपं आली. कंपनीची गाडी उतरवून गेली. लावावी का नाही समजत नव्हतं, तं छायानं सकाळी बाया बोलावून लावायले सुरुवात केली. अमीनाही आली. तिच्यासाठी आली, माह्यासाठी नाही.

६ ऑगस्ट

चिखलीचे पाहुणे आले होते. दादा, मुलगा, मुलाची आई. मुलगा एसटीत मेकॅनिक, वय थोडं जास्त, पण माणूस साधा. मी आधीच ठरवून बसली होती. त्याईनं विचारायच्या आत म्हणणार होती का आमच्याकडून पक्कं, उद्या म्हणा, परवा म्हणा.

छाया चहा घेऊन आली. जाळीतून तशीच, क्रॉसिंग चालू होती. पदर खोचलेला. ट्रे ठेवला, सगळ्याइले वाकून नमस्कार केला. मुलाची आई म्हणे, "पोरगी आमच्या मनात भरली. मंग कवा करायचं?"

मी तोंड उघडलं. माह्या आधी छाया बोलली. आवाज गोड, वाकडा शब्द नाही.

"एवढा सीझन निघू द्या."

दादा माह्याकडे पाहून राह्यला. मी खाली पाह्यलं. छायानं कप सगळ्याइच्या हाती दिले, माह्याही हाती दिला, अन् जाळीकडे चालली गेली.

ती गेल्यावर ती बाई हळूच माह्याकडे सरकली. म्हणे, "राग मानू नका बाई, पण पोरीचं आधी कुठं जमलं होतं का? बोटात अंगठी दिसली म्हणून विचारलं."

मी म्हणलं, "नाही वं बाई. ती कामाची अंगठी आहे."